बाहुलीत मावेल तेवढाच उजेड

परवापासून मागच्या टेकडीवर ढेकर सुरू झालेत. हसू नका, खरंच ढेकर. ऑक्टोबर लागला की इथले फॅलो जातीच्या हरणांचे नर माजावर येतात आणि संध्याकाळ झाली की झाडीत उभे राहून, पंगतीतून तृप्त होऊन उठलेल्या माणसासारखे एकामागून एक ढेकर देत सुटतात. माद्यांना ते आवडतं म्हणे. ज्याची त्याची आवड! मी चहाचा मग घेऊन मागच्या कुंपणाशी जाऊन उभी राहते. समोर डोनलचं शेत, शेताच्या पलीकडे त्याने लावलेली कोवळी झाडं, त्यांच्या मागे जंगल. नवरा रिंगास्किडीच्या औषध कारखान्यातून अजून यायचा असतो. चहा गार होतो तरी पाय आत वळत नाहीत.

दरवर्षी या दिवसांत मला तो एकच ऑक्टोबर आठवतो, बाबा इथे आले होते तो. त्या ऑक्टोबरात डोनलला, आमच्या शेजाऱ्याला, त्याच्या बंदुकीवर बसवायला एक साईट निवडायची होती. साईट म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, आणि तीही दिवस बुडताना, उजेड सरत असताना नीट दिसेल अशी. आणि त्याच ऑक्टोबरात बाबांचे डोळे चालले होते आणि ते मला माहीत नव्हतं. मी डोळ्यांची डॉक्टर. इथल्या कॉर्क शहरातल्या हॉस्पिटलात रोज लोकांच्या डोळ्यांत डोकावून बघणारी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाबांनी उभी हयात नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर रात्रीची बस चालवली. त्यांचा सगळा अभिमान डोळ्यांत होता. कुणी नातेवाईक चष्मा लावून आला की बाबा त्याच्याकडे दयेनं बघायचे. "रातच्याले दूरवर दोन काजवे दिसले का म्या सांगतो, हे हरीण, हे नीलगाय, हे कोणाचं कुत्रं," असं ते सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या गाडीखाली कधी जनावर आलं नाही. मी डोळ्यांचंच शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते गावभर सांगत फिरले, "पोरगी माह्याच डोळ्यायवर गेली."

ते आले तेव्हा इथली संध्याकाळ बघून पहिल्या आठवड्यातच वैतागले. आमच्याकडे नागपूरला सूर्य बुडाला की बुडाला. दिवेलागणीची वेळ म्हणजे देवापुढे दिवा लावून हात जोडेपर्यंतचा वेळ, की झाली रात्र. इथे सूर्य जातो, पण उजेड काही जायचं नाव घेत नाही. दारात चप्पल घालून तासभर गप्पा मारत उभा राहणारा पाहुणा असतो ना, तसा. आभाळ आधी पिवळं, मग राखाडी, मग निळसर, मग आणखी एक निळं ज्याला आपल्याकडे नाव नाही. बाबा खिडकीशी बसून म्हणायचे, "हे काय संध्याकाळ हाय का सुतक? संपतच नाई." आणि पडदा ओढून घ्यायचे. मला वाटायचं थंडी. तेही तेच म्हणायचे, "थंडी वाजून राह्यली वं."

मला मात्र त्या लांबलेल्या संध्याकाळचं वेड लागलं होतं. मराठीत या वेळेला किती शब्द आहेत! तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण, संधिप्रकाश. लहानपणी ते नुसते शब्दच होते, कारण शब्द संपायच्या आत वेळ संपायची. कॉर्कच्या या टेकडीवर येऊन मला पहिल्यांदा कळलं, की हे चार वेगवेगळे उजेड आहेत आणि त्यांच्यात सावकाश चालत जाता येतं.

डोनल तर या वेळेवरच जगणारा माणूस. सत्तरी ओलांडलेला, बायको गेल्यापासून एकटा, हातांना कायम मातीचा आणि डिझेलचा वास. तरुणपणी बरीच वर्षं कॅनडात होता. तिथे तो क्रॉसबोने, म्हणजे चाप ओढायच्या आडव्या धनुष्याने, हरणाची शिकार करायचा. इथे आडवं असो की उभं, धनुष्याने हरीण मारायला कायद्याने मनाई. म्हणून येताना त्याने धनुष्य तिथेच विकून टाकलं, पण त्याच्यावरची साईट काही सोडवेना, ती मोज्यात गुंडाळून घेऊन आला. आता परवान्याची बंदूक आहे. हरणं त्याची कोवळी झाडं सोलून खातात, तो मोसमात एखादं मारतो, वर्षभर तेच खातो. आम्ही घरात अंडंसुद्धा बेताबेतानं आणणारी माणसं, पण डोनलचा मला कधी राग आला नाही. एकदा त्याने मला सांगितलं होतं, "डॉक, मरण चालतं. लंगडत जंगलात जाऊन तीन दिवसांनी आलेलं मरण चालत नाही. दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही, बस." बाबा आले त्याच्या आधीच्या मोसमात त्याने चाप ओढलाच नव्हता. दिसतच नव्हतं, म्हणाला.

म्हणून तो एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन तीन साईट टेबलावर मांडून बसला. एक ती जुनी कॅनडाची, बुटकी, आत एकाखाली एक आडव्या रेघा असलेली. दुसरी लाल ठिपका पेटणारी. तिसरी लांबलचक, पुढचं भिंग उसळीच्या वाटीएवढं. शेवटच्या दोन एका मित्राकडून आठवडाभरासाठी मागून आणलेल्या. "तू डोळ्यांची बाई," तो म्हणाला. "युअर मॅन, दुकानातला, म्हणतो सगळ्यात मोठं भिंग घे. तू काय म्हणतेस?"

बाबांनी मला विचारलं, "कोणाचा मॅन?"

"कोणाचा नाही बाबा. इथे तसं म्हणतात. आपण नाही का म्हणत, आपला तो दुकानवाला?"

"मंग आपला म्हणावं ना. याचा कायले म्हणते?"

त्या संध्याकाळी मी घाईघाईत बूट चढवत त्यांना सांगितलं, "बाबा, मी साईट बघायला चाललेय डोनलबरोबर, येते तासाभरात." परत आले तर बाबा डोळ्यांत पाणी आणून बसलेले. फोनवर काकांना सांगून झालं होतं, की पोरगी इथे प्लॉट घेऊन बांधकाम करते आहे, शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर साईट बघायला गेली आहे. "आता तुम्ही इकडंच राहणार, वापस येत नाई," असं म्हणून त्यांनी नाक शिंकरलं. मी हसून हसून लोळायची बाकी होते. सोबत आणलेली दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही बघा साईट! हिच्यावर किती मजले चढवायचे ते सांगा." ते हसले, पण दुर्बीण डोळ्याला लावली नाही. उलटीपालटी करून परत ठेवली.

नेम हा शब्द डोनलला शिकवायचा माझा प्रयत्नही असाच फसला. कुंपणाशी उभे असताना त्याने विचारलं, तुमच्या भाषेत 'एम'ला काय म्हणतात. मी म्हटलं, "नेम." तो म्हणाला, "डोनल. विसरलीस की काय?" मी पुन्हा म्हटलं, नेम, नेम! त्याने जरा काळजीने माझ्याकडे पाहिलं आणि आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. मग मी त्याला समजावत बसले, की आमच्याकडे निशाण धरणं म्हणजे नेम, देवाचं काही न चुकता करणं म्हणजेही नेम, आणि ज्याचा भरवसा नाही त्याला म्हणतात, याचा काही नेम नाही. त्याने ते तीन बोटांवर मोजलं. "तीन गोष्टींना एकच शब्द," म्हणाला, "ग्रँड. माझ्या लेखीही त्या तीन नाहीतच." मी मराठी असून मला हे कधी सुचलं नव्हतं.

आता त्या साईटचं. मी डोळे शिकले ते हॉस्पिटलच्या लख्ख दिव्याखाली. डोळा कमी उजेडात काय काय करतो हे पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, आणि विसरलेलं. ते पहिल्यांदा अंगावर काटा येऊन पाहिलं ते डोनलच्या फाटकाशी. आधी लाल जातो. कुंपणावरच्या हॉथॉर्नच्या काटेरी झुडपाची फळं दिवसभर कुंकवासारखी लाल असतात, आणि इतर सगळे रंग जागेवर असताना ती एकटीच काळी पडतात. हिरवं बराच वेळ तग धरतं. निळं सगळ्यात शेवटी जातं. रोज, न चुकता, याच क्रमाने. डोळ्याची बाहुली हळूहळू मोठी होत जाते, जणू घरातला माणूस पाहुणा दिसावा म्हणून दार आणखी आणखी उघडतो. आणि मग एक वेळ अशी येते की ज्याच्याकडे रोखून बघावं तेच दिसत नाही. डोळ्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, तो अंधारात निकामी असतो. अंधुक वस्तू बघायची तर नजर तिच्या जरा बाजूला ठेवायची. बाजूने दिसतं. हे कुणी ठरवलं असेल? मी देवधर्मातली नव्हे, पण त्या फाटकाशी मी चक्क हात जोडले होते.

दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे केली, की तिच्या मागच्या काचेत उजेडाचा एक छोटा गोल तरंगताना दिसतो. तेवढाच उजेड तिच्यातून बाहेर पडतो. तो गोल आपल्या बाहुलीत मावला पाहिजे. भिंग मोठं असलं तर गोलही मोठा, पण वय झालं की बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही. वाटीएवढं भिंग जो उजेड गोळा करतं, त्यातला बराचसा म्हाताऱ्या डोळ्याच्या बाहेरच सांडतो. डोनलला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मला बादली विकतायत आणि माझ्याकडे आहे कप." अगदी तसंच. लाल ठिपक्याची दुसरीच तऱ्हा. तो इतका झगझगीत, की त्याच्याकडे बघून बाहुली घाबरून मिटायची आणि हरीण गायब. कॅनडाच्या त्या बुटक्या साईटची काच मात्र निर्मळ होती, पण तिच्यातल्या बारीक रेघा अंधार पडला की विरघळून जायच्या. म्हणजे काच त्या बुटकीसारखी निर्मळ हवी, रेघा जाड हव्या, आणि पेटता ठिपका नको.

खरी परीक्षा घ्यायची ठरली. पलीकडच्या खांबावर एक तक्ता लावायचा आणि अंधार पडत जाईल तसतसं कुठल्या साईटमधून शेवटपर्यंत वाचता येतं ते बघायचं. आता इंग्रजी अक्षरांचा तक्ता कामाचा नाही, तो पेशंट लोकांना पाठ असतो. डोनललाही होता, मी क्लिनिकात त्याला पकडलेलं आहे. एखादी गोष्ट पाठ असली की माणूस ती बघत नाही, आठवतो. म्हणून मी माझ्या कॉलेजच्या दिवसांतला, खेड्यांतल्या शिबिरांत वापरलेला मराठी अक्षरांचा तक्ता कपाटातून काढला. वर एकटा मोठा क, खाली र आणि म, त्याखाली ट, ग, प. डोनलला मराठीचा गंध नाही. त्याने जे दिसेल ते फक्त सांगायचं.

तो खेळ मी जन्मात विसरणार नाही. फाटकावर बासमतीच्या रिकाम्या पिशवीत वाळू भरून ठेवलेली, तिच्यावर साईट. नुसती साईट, बंदूक घरात कुलपात. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून असंच काहीतरी बघत बसायचं नसतं, हे डोनलनेच मला शिकवलं. आणि हा म्हातारा एक डोळा मिटून सांगतोय, "सगळेजण एकाच दोरीला लटकलेत. पहिला, दोन्ही बाजूंनी पोट सुटलेला. दुसरा कुठेतरी निघालाय, पाय पुढे टाकलाय. खाली एक हुक आहे, कोट अडकवायचा." क, र, ट! मी टाळ्या वाजवत होते. मी पाचव्या वर्षी गिरवलेली अक्षरं, आणि ती मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसली. खरंच की, क ला दोन्हीकडे पोट आहे.

अंधार चढला, दव पडायला लागलं. डोनल शेत ओलांडून गेला, खांबावरून तक्ता काढला आणि भिजू नये म्हणून कोटाच्या आत घालून घेऊन आला. तो माझ्या हातात दिला. तेवढ्यात घराचं मागचं दार वाजलं आणि बाबा शाल गुंडाळून भिंतीला हात लावत लावत आमच्यापर्यंत आले. आमचं हसणं ऐकून त्यांना राहवलं नसावं.

"काय पाहून राह्यले एवढं? मले बी पाहू द्या."

डोनल बाजूला सरकला. बाबांनी साईटला डोळा लावला. घसा साफ केला. आणि मोठ्या, खणखणीत आवाजात वाचायला लागले, "क! र, म! ट, ग, प!" थेट शेवटच्या ओळीपर्यंत. एकही चूक नाही.

तक्ता माझ्या हातात होता.

 कॉलेजात असताना हा तक्ता आमच्या घरच्या भिंतीवर होता. मी सराव करायची आणि माझे पहिले पेशंट बाबा. गाडीवर जायच्या आधी रोज संध्याकाळी ते स्टुलावर बसून मला हा तक्ता वाचून दाखवायचे. पाठ होणारच. डोनलला शब्द कळत नव्हता, तो कौतुकाने म्हणाला, "बापरे! या वयात असे डोळे? ससाण्याचे आहेत ससाण्याचे." बाबांनी मला विचारलं, "काय म्हणते थो?" मी म्हटलं, "तुमची नजर चांगली आहे म्हणतो." बाबा खूश झाले. मी तक्ता पाठीमागे धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरून त्यांना घरात आणलं. पायरीवर त्यांनी पाऊल उचलून दोनदा चाचपलं. ते मी त्या दिवशी पाहिलं.

घरात आल्यावर मी भडकले. भीती वाटली की मी आधी भडकते, सासरी माहेरी सगळ्यांना माहीत आहे. "कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं. "दिसते ना," ते म्हणाले. मी तक्ता टेबलावर आपटला. त्यांनी तो हाताने चाचपला, कडा ओळखल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते तक्त्याचा कोपरा दुमडत राहिले. मग म्हणाले, "दिवसा दिसते वं. समोरचं दिसते. सांजच्याले बाजूचं सारं मिटून जाते. मले वाटलं मोतीबिंदू असंन. वापस जाऊन काढून घेईन गुपचूप. तुले कायले सांगू? डोळ्याच्या डॉक्टरचा बाप!"

मोतीबिंदू असता तर मी पेढे वाटले असते. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये त्यांना नेलं, हनुवटी यंत्रावर ठेवायला लावली आणि आत पाहिलं. काचबिंदू. दोन्हीकडे, बराच पुढे गेलेला. हा आजार चोर आहे. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात येतो आणि मधली वाट शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून घरच्यांनाही पत्ता लागत नाही. जे गेलं ते परत येत नाही. अंधारात बघायचं तर बाजूने बघावं लागतं, आणि बाबांची बाजूच गेली होती. कातरवेळ त्यांच्यापुरती संपलेली होती, म्हणून ते पडदे ओढत होते.

"किती राह्यलं?" त्यांनी विचारलं. पेट्रोल विचारतात तसं.

"समोरचं राहिलंय. थेंब रोज टाकले तर राहील."

"पक्कं?"

"थेंबांचा नेम चुकला नाही तर."

त्यांनी मान डोलावली. गाडीत बसल्यावर, पट्टा लावताना, एकदम म्हणाले, "मले एक डाव ते ढेकर देणारं जनावर दाखव."

मी म्हटलं, फोटो दाखवते. त्यांनी हात झटकला. मग कॉर्कहून घरी येईपर्यंत ते जे बोलले ते मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्या जंगलाच्या रस्त्यावर गाडी चालवली, पण हरीण असं त्यांनी पाहिलंच नव्हतं. दोन चकाकते डोळे दिसायचे, ब्रेक, दिवे कमी, डोळे विझायचे, गाडी पुढे. "जनावर आमच्या दिव्यानं आंधळं होऊन उभं राह्यचं. मले त्याचे डोळे दिसे, त्याले काईच दिसत नसे. उभ्या जन्मात म्या हरणाचे डोळेच पाह्यले, हरीण नाई पाह्यलं. त्याले न दिपवता एक डाव पाहाचं हाय." मी गाडी चालवत होते, म्हणून रडता आलं नाही.

आता बाबा नागपुरात आहेत. रोज फोन होतो. आधी थेंब, मग बाकीचं. "टाकले का?" "टाकले वं माये." काकू मागून ओरडतात, "खोटं! आता टाकून राह्यले!" मग मी इकडून रागावते. संध्याकाळी ते अंगणात बसतात, बाहेर पडत नाहीत. कडेचं आणखी थोडं गेलं आहे, मी रिपोर्ट बघते, मला कळतं. त्यांनाही कळतं. पण मधली वाट अजून आहे. काल फोनवर मी मोबाईल जंगलाच्या दिशेने धरला आणि त्यांना ढेकर ऐकवले. ते म्हणाले, "जेवला वाटते." आणि मग आम्ही दोघंही काही वेळ नुसते ऐकत राहिलो.

त्या ऑक्टोबरात ते जायच्या आदल्या संध्याकाळी डोनलने निवड केली. लांबलचक साईट परत गेली, पेटत्या ठिपक्याची परत गेली. मित्राकडून त्याने एक मध्यमच आणली, भिंग बेताचं, काच निर्मळ, चारी बाजूंनी जाड रेघा आणि मधोमध अगदी बारीक फुली. ती अजून बंदुकीवर चढवायची होती. मी त्याला बाबांचं सांगितलं होतं. येताना तो स्वतःसाठी दुसरी, हातात धरायची दुर्बीण घेऊन आला आणि साईट वाळूच्या पिशवीवर ठेवून बाबांपुढे सरकवली. घरातली खुर्ची त्यानेच फाटकापाशी आणली.

वारा जंगलाकडून आमच्याकडे येत होता. फळं काळी पडली. गवताचा हिरवा गेला.  मी माझे धडधाकट डोळे ताणून कोवळ्या झाडांकडे बघत होते, बाजूला नजर ठेवून बघत होते, आणि मला झाडं आणि अंधार यांच्यातला फरकही कळेनासा झाला. बाबा साईटला डोळा लावून बसले होते. मला वाटलं, साईटमधून कुणालाही तेवढंच दिसतं, एक वाटोळी वाट आणि भोवती काळं. बाबांना तर आता सगळं जगच तसं दिसत होतं. त्या काचेला डोळा लावल्यावर ते आणि डोनल अगदी सारखेच होते.

"आला," बाबा कुजबुजले.

मला काही दिसलं नाही.

"काय गळा हाय वं याचा! बैलावानी. शिंगं कशी रुंद, सुपावानी. मान खाली करून राह्यला... झाडाले शिंगं घासून राह्यला." ते थांबले. "ठिपके नाईत याच्यावर. तू तं म्हणे ठिपके असते."

 मला साईट ओढून घ्यावीशी वाटत होती. खरं आहे का हे? की तो तक्ता वाचला तसं, माझ्या समाधानासाठी? खांबावर काहीच नसताना खणखणीत वाचणारा माणूस आहे हा. उद्या विमानात बसेल, पुन्हा कधी ही संध्याकाळ येईल की नाही कुणास ठाऊक, आणि मी कधीच सांगू शकणार नाही की त्याने पाहिलं की नाही. मी दोन्ही हात खिशात घातले आणि घट्ट मुठी केल्या.

"थांब, थांब," बाबा म्हणाले, "आता मान फिरवली. अरे बाप्पा! इकडं पाहून राह्यला. सरळ माह्याकडं. डावा कान फाटका हाय त्याचा, पार मुळापासून." ते आणखी पुढे झुकले. "त्याले भेव नाई वाटून राह्यलं वं. उभा हाय. नुसता उभा हाय."

 डोनलने दुर्बीण खाली घेतली. त्याला मराठीचं एक अक्षर कळत नाही. तो माझ्याकडे झुकला आणि चर्चमध्ये बोलतात तशा आवाजात म्हणाला, "युअर मॅनचा डावा कान बघितलास? मुळापासून फाटलाय, बिचाऱ्याचा."

माझे हात खिशातून बाहेर आले. काय करावं ते न कळून मी बाबांच्या खांद्यावर ठेवले.

"बाबा," मी म्हटलं, "डोनल म्हणतो, त्याचा डावा कान फाटलाय."

बाबांनी डोळा काचेवरून हलवलाही नाही.

"मंग?" ते वैतागून म्हणाले. "म्या कवाचा काय सांगून राह्यलो?"